आत्तीचं जेवण आणि सेल्युलर जेल

अंदमानचं वर्णन म्हटल्यावर तुम्ही आता जरा टेकून बसला असाल. आधी निळं पाणी येणार, मग पांढरी वाळू, मग जेलचं दार, आणि दारातच ह्यो गडी हुंदका देणार. तर पहिल्यांदाच सांगून ठेवतो. समुद्र निळाच हाय, त्यात माझं काय कर्तृत्व न्हाय. आणि जेलात मी निम्मा वेळ देशाचा इचार केलो न्हाय. आत्तीच्या जेवणाचा केलो.

आत्ती म्हंजे माझ्या वडलांची थोरली बहीण. बेळगावात खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत राहती. उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला लागल्यापासनं मी तिच्याकडंच हाय. आमचं घर निपाणीकडं, खेड्यात. आण्णा, म्हंजे माझे वडील आदगोंडा, तिथं ऊस करत्यात. घर जैनांचं. कांदा, लसूण, बटाटा उंबऱ्याच्या आत येत न्हाय, आणि दिस मावळल्यावर कुणी जेवत न्हाय. आता पोरं कुठं एवढं पाळत्यात म्हणा. सेकंड शिफ्ट सुटल्यावर उद्यमबागेच्या गाड्यावर माझं काय चालतं ते इथं लिहीत न्हाय, कारण हे आत्ती बी वाचणार हाय.

पण आत्तीचा नेम पक्का. लग्नाआधी निपाणीच्या बस्तीत, म्हंजे आमच्या जैन देवळात, महाराजांपुढं हात जोडून घेतलेला. मावळल्यावर पाणी तेवढं चालतं. बाकी तोंडात काय न्हाय. कुणाच्या लग्नात न्हाय, दवाखान्यात न्हाय. मामा गेले त्या दिवशी दुपारी तिला जेव म्हणायचं कुणाच्या ध्यानात आलं न्हाय, आणि सांजच्याला ध्यानात आलं तवा तिनं खाल्लं न्हाय.

मामा म्हंजे तिचे मालक. हायस्कुलात इतिहास शिकवायचे. काळ्या पाण्याचा धडा आला की वर्गाच्या खिडक्या लावून घ्यायचे, दार ओढायचे आणि त्या अंधारात म्हणायचे, "आता तुम्ही कोठडीत हाय. कुणी शेजाऱ्याशी बोलायचं न्हाय." सगळा जन्म हे शिकवले. पण त्यांनी समुद्र बघितला त्यो गोव्याचा, आणि ते बी बसच्या खिडकीतनं.

"ते सांगायचे ते खरं हुतं काय, बघून येतो," आत्ती म्हटली. एवढंच कारण. (आमच्याकडं बाया बी 'येतो', 'खातो' असंच म्हणत्यात.) आण्णा तिला न्हेणार हुते. पण ऊसतोडीची टोळी ऐन त्याच आठवड्यात आमच्या फडात उतरली. आण्णा घसा खाकरले आणि म्हटले, "पाऱ्याला न्हे."

पाऱ्या म्हंजे मी. नाव पारिस, पण त्या नावानं फक्त मास्तरच हाक मारत हुते, ते बी मारायच्या आधी. गावात मी नकलांसाठी प्रसिद्ध हाय. अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलणारा कंडक्टर, निवडणुकीत रडणारा उमेदवार, हे सगळे माझ्या घशात भाड्यानं राहत्यात. आण्णांचा आवाज हे खास काम. आधी घसा खाकरायचा, मग दोनच शब्द, मग गप्प. त्या आवाजात मी एकदा फोन करून ट्रॅक्टर मागवलोय, आणि ट्रॅक्टर आलाय.

पोर्ट ब्लेअर

विमानाचं काय सांगत न्हाय. सांबऱ्याच्या विमानतळावर आत्तीच्या पिशवीत कुंद्याचा डबा निघाला तेवढं सांगतो. तपासणारा गडी उत्तरेकडचा. त्यानं झाकण काढलं, बेळगावचा कुंदा कधी बघितलेला नसावा, वास घेतला, झाकण लावलं. आम्ही पुढं गेल्यावर पिशवीकडं परत एकदा वळून बघितलं.

गावाचं नाव आता बदललंय, पण रिक्षावाला जुनंच घेतो. बेळगाव आणि बेळगावी करत मोठा झालेल्या माणसाला त्यात नवल वाटत न्हाय. नवल वाटलं ते दुसरंच. तिथं तमिळ हायत, बंगाली हायत, तेलुगू हायत, आणि सगळी एकमेकांशी हिंदीत बोलत्यात. दुकानाच्या पाटीवर कुठली अक्षरं वर आणि कुठली खाली, ह्यावरनं कुणाचं डोकं फुटलेलं दिसलं न्हाय. आमच्या सीमेवरच्या माणसाला हे जरा सपकच वाटतं.

हॉटेलाजवळ एक बाई चहा विकत हुती. आत्तीनं तिला इचारलं, "आप किधर के?" बाई म्हटली, "यहीं के. परदादा कैदी थे."

"कुठनं आलते?"

"पता नहीं." अगदी सहज म्हटली. आपल्याकडं म्हणत्यात न्हाय काय, आजा शेतकरी हुता, तसंच.

चहा पिऊन उठल्यावर आत्ती म्हटली, "बघ की. कुठल्या गावचा, हे सुद्धा न्हाय राह्यलं."

पहिल्या दिवशी विमानानं तिचं डोकं गरगरलं हुतं. हॉटेलवाल्याला कांदा न्हाय, लसूण न्हाय म्हणून सांगितल्यावर त्यो म्हटला, "आलू?" आलू बी न्हाय म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की ह्या दोघांना अंगणातलं गवतच वाढावं. भात आणि वरण मात्र बेस केलता. आत्ती उजेडातच जेवली, पडदे ओढून झोपली. मी बी झोपलो.

हे पडदे ध्यानात ठेवा. माझ्या पुढच्या गाढवपणात त्यांचा हात हाय.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्तीनं मला हलवलं. "ऊठ रं, दिस वर आलाय." घड्याळात बघितलो तर गावाकडं अजून कोंबडं बी कूस बदलत असेल. बाहेर लख्ख उजेड. आत्ती णमोकार मंत्र म्हणून मोकळी झालती. "हितला सूर्य दूधवाल्यागत लवकर येतोय," म्हटली. मी हसलो. दोघं बी हसलो. आदल्या दिवशीची मावळती पडद्यांआड झोपेत गेलती, आणि लवकर आलेला गडी लवकर जाणार, एवढं आमच्या दोघांत कुणाच्याबी डोक्यात आलं न्हाय.

कारण माझ्या मोबाईलात निपाणीच्या बस्तीतल्या कॅलेंडराचा फोटो हुता. त्याच्यावर रोज दिस कवा मावळतो ते छापलेलं असतंय. निघायच्या आधी आत्तीसाठी मी मुद्दाम काढून घेतलतो, आणि त्याच्यावरनं सगळं ठरवलतो. पाचला आत्तीची साखरेच्या आजाराची गोळी, साडेपाचला जेलशेजारच्या मारवाडी भोजनालयात जेवण, मग आत येऊन रात्रीचा आवाज-उजेडाचा खेळ बघायचा. कॅलेंडराप्रमाणं जेवून वर अर्धा-पाऊण तास शिल्लक राहत हुता. स्वतःच्या पाठीवर मी स्वतःच हात फिरवून घेतलतो.

जेल

मधी एक मनोरा, आणि त्याच्यापासनं सायकलच्या आऱ्यांगत इमारती बाहेर गेलेल्या. आधी सात हुत्या, आता तीनच उरल्यात. प्रत्येक इमारतीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडं. म्हंजे कैद्याला समोर दुसऱ्या कैद्याचं तोंड दिसायचं न्हाय, भिंतच दिसायची. आत्ती हे बघून थांबली. "हे सांगायचे ते," म्हटली. एखाद्याचं गणित बरोबर आल्यावर होतंय तसं तिचं तोंड झालं.

गाईड बंगाली हुता. "देखिए, ये जो है ना," म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य सुरू व्हायचं न्हाय. मी पहिल्या जिन्याच्या आत त्याचा आवाज उचललो आणि आत्तीच्या कानात म्हटलो, "देखिए, ये जो है ना, ये आत्ती है." तिनं कोपर मारलं, पण हसली. तोवर सगळं ठीक हुतं.

एका कोठडीपुढं सगळी रांग लावत्यात, फोटो काढत्यात. आम्ही बी लावलो. पण आत्तीला पाहिजे हुती ती बिननावाची कोठडी. लांब एका टोकाला एक मोकळी मिळाली. मी आत गेलो, आत्तीनं गजाचं दार ओढून बाहेरनं कडी लावली.

"कडीला हात लाव बघू."

कडी दारावर नसती. बाहेर भिंतीत खोबण केलीया, तिथं पार लांब. गजातनं हात काढून मी खांद्यापर्यंत रेटलो. बोटं भिंतीवरनं फिरली, कडी काय घावली न्हाय.

"पुरत न्हाय?"

"न्हाय."

"बरोबर. ते म्हणायचे, हात पुरणार न्हाय अशी केलीया." आणि ती मला तसंच ठेवून पुढच्या कोठड्या बघत निघून गेली.

आता एकटाच घावलो म्हटल्यावर मी काय करणार? कंडक्टर काढला. "निपाणी, निपाणी, चिक्कोडीऽऽ!" आवाज भिंतीवर गेला आणि तसाच परत आला. उमेदवार काढला. त्यो बी रडून परत आला. कुणी हसलं न्हाय. नकलेला दुसरं माणूस लागतंय, हे मला त्या दिवशी कळलं. एकट्यानं केलेली नक्कल म्हंजे नुसतं बोलणं. वर एक झरोका, त्यातनं उजेड यायचा, पण समुद्र दिसायचा न्हाय. मग माझ्या घशातनं न सांगता आण्णांचं खाकरणं बाहेर आलं. इतकं खरं आलं की मीच दचकलो. "आत्ती, दार उघड," म्हणून ओरडलो तवा ती निवांत आली.

खाली गाईडनं कोलू दाखवला, ज्याला बैलागत जुंपून तेल काढून घ्यायचे. मग एका फलकापुढं उभं राहून त्यानं उपोषणाचं सांगितलं. कैद्यांनी अन्न सोडलं की चौघं धरायचे आणि नाकातनं नळी घालून दूध ओतायचे. त्यात काही जण मेले. सांगताना त्याचं "ये जो है ना" बंद झालं हुतं. मी बी त्याची नक्कल बंद केलतो. कुणीतरी इचारलं, घरच्यांशी बोलाय मिळायचं काय? गाईड म्हटला, पत्र, ते बी लई लई तर वर्षातनं एक.

"म्हंजे जेवलास काय, हे वर्षातनं एकदा इचारायचं," आत्ती म्हटली. मला म्हटली न्हाय, फलकाला म्हटली.

मग आम्ही गच्चीवर गेलो. खाली समुद्र, समोर बेट, लांब दीपगृह. एवढं चांगलं की राग यावा. आत्ती कठड्याला धरून उभी राहिली. "ते अंधार करून शिकवायचे रं," म्हटली. "आणि हितं किती उजेड हाय. हे त्यांना ठावं नव्हतं."

मोबाईलात पाचचा गजर झाला. मी रुबाबात गोळी दिलो, आत्तीनं पाण्याबरोबर घेतली. मग आम्ही उतराय लागलो. तिचे गुडघे, ते उभे जिने, गर्दी. खाली अंगणात पोचलो तवा पिंपळाखालचे दिवे लागलते.

आत्ती थांबली. वर बघितलं. पश्चिमेकडं बघितलं.

"पाऱ्या. दिस मावळला."

"कसा मावळंल? अजून लई वेळ हाय." मी फोटो काढून दाखवलो. "हे बघ, बस्तीचं कॅलेंडर."

"ते निपाणीचं हाय."

मी आभाळाकडं बघितलो. निपाणीच्या कॅलेंडराला त्यानं काडीचा भाव दिला नव्हता.

आता तुम्हाला वाटंल, एक वेळचं जेवण राहिलं, त्यात काय? ती गोळी पोटात गेल्यावर अर्ध्या तासात वर काय खाल्लं न्हाय तर आत्तीची साखर उतरती. गेल्या वर्षी खडेबाजारात उतरलती. बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसली, घामानं न्हाली, आणि मला म्हटली, "तुम्ही कोण?" आपल्या आत्तीनं आपल्याला तुम्ही म्हणणं, ते परत ऐकायची माझी तयारी नव्हती. आणि गोळी मीच दिलतो.

"आत्ती, खा. कुंदा हाय पिशवीत."

"न्हाय."

"औषध म्हणून खा."

"औषध गोळी हाय. कुंदा मिठाई हाय."

"महाराज बी म्हणतील, जिवापेक्षा..."

"महाराजांचा आवाज काढलास तर थोबाडात देईन."

मी डबा उघडलो, एक तुकडा घेतलो आणि तिच्या तोंडापाशी न्हेलो. तिनं माझं मनगट धरलं. हात गार पडला हुता.

"आता नळी तेवढी आण," म्हटली. "तेवढीच राहिलीया."

मी तुकडा डब्यात टाकलो.

आण्णांना फोन लावलो. ते म्हटले तर ऐकंल, धाकटे असले तरी घरात त्यांचा शब्द चालतो. वाजून वाजून बंद झाला. फडात ट्रॉली भरताना आण्णांचा फोन ट्रॅक्टरच्या सीटखाली पडलेला असतो. परत लावलो. परत तेच. बाकड्यावर आत्ती पदरानं मान पुसाय लागली. संध्याकाळचा वारा सुटलेला, आणि तिला घाम.

"पाणी आणतो," म्हटलो आणि मनोऱ्याच्या पलीकडं गेलो. तिथनं तिला फोन लावलो. तिचा बटणाचा फोन, नाव वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा पिशवीच्या तळाला असतो. तिनं उचलला.

मी घसा खाकरलो.

"आक्का. मी आदगोंडा. जेवलीस काय?"

मी परत खाकरलो.

"पाऱ्याचा फोन आलता. खात न्हाईस म्हणं. दिस मावळला म्हणतीस. हितं अजून हाय दिस. उसाच्या शेंड्यावर हाय, डोळ्यानं बघतोय. नेम निपाणीत घेतलीस, तर निपाणीचा दिस धर. खा, आक्का."

आण्णा एका दमात एवढं बोलत न्हाईत, हे बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं.

"बरं," आत्ती म्हटली. "खातो."

पाण्याची बाटली घेऊन परत गेलो तवा तिच्या हातात कुंद्याचा तुकडा हुता. डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि खाल्ला. दुसरा खाल्ला. चावताना कुठंच बघत नव्हती. मला म्हटली, "तुझ्या बाचा फोन आलता." मी म्हटलो, "व्हय?" थोड्या वेळानं तिचा घाम थांबला.

तिथला रात्रीचा खेळ असा असतो की अंगणातला जुना पिंपळच सगळी गोष्ट सांगतो. आत्ती बघून जाऊ म्हटली, तवा बसलो. भिंतींवर लाल उजेड पडायचा, साखळ्या वाजायच्या, आणि पिंपळ जड आवाजात बोलायचा. माझ्यातला कलाकार म्हणत हुता, कुणाचा तरी चांगला आवाज हाय. आत्तीला बी तेच वाटलं असावं.

"झाडाला आवाज नसतोय," म्हटली. "म्हणून कुणीतरी काढतंय."

"व्हय."

"चांगलं केलंय," म्हटली.

दुसऱ्या दिवशी तिनं बेळगावच्या डॉक्टरला फोन करून गोळीचं इचारून घेतलं आणि एकच वेळ जेवली. प्रायश्चित्त. मी म्हटलो, "निपाणीत दिस हुता की, मग कशाचं प्रायश्चित्त?" ती म्हटली, "असू दे." समुद्रावर गेलो, काचेच्या तळाच्या होडीतनं मासे बघितलो. तिनं सगळ्या माशांना हात जोडले. त्याचं वर्णन कुणी बी करंल.

घरी

पहिल्यांदा गावाला गेलो. अंगणात शेजारपाजारची माणसं जमली आणि मी सुटलो. गाईड काढला, चहावाली काढली, पिंपळ सुद्धा काढला. माणसं हसाय लागली की माझ्या जिभेला ब्रेक न्हाय. त्या भरात फोन बी काढला. घसा खाकरलो, "आक्का, जेवलीस काय?"

कुणी हसलं न्हाय. मागं आण्णा उभे हुते.

"माझ्या आवाजात आक्काचा नेम मोडलास?" एवढे चार-पाच शब्द, आणि परत घसा खाकरले. "लाज हाय काय? जन्मभर पाळलेलं."

"त्यानं न्हाय मोडला," आत्ती म्हटली. ती तांदूळ निवडत हुती, मान वर केली न्हाय. "मीच मोडला. त्यो तुझा आवाज न्हाय हे मला पहिल्या शब्दाला कळलं. पोरगं घाबरलं हुतं. मी तिथं मेलो तर त्याला जन्मभर कोठडी. म्हणून खाल्लो."

मला नेमकं तिथंच झोंबलं. "कुठं चुकला आवाज?"

"आवाज न्हाय चुकला." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "जेवलीस काय म्हटलास की. हा तुझा बा कधी इचारलाय?"

आण्णा गोठ्याकडं निघून गेले.

पुढच्या रविवारी मी गावात हुतो, आत्ती बेळगावात. दिस उसाच्या शेंड्यावर आलता. आण्णा अंगणाच्या कडेला गेले, फोन लांब धरून आकडे दाबले. कान कमी असल्यानं त्यांचा फोन मोठ्या आवाजावर असतो, सगळ्या गल्लीला ऐकू जातो. घसा खाकरले.

"आक्का. जेवलीस काय?"

"मुडद्या!" पलीकडनं आत्ती फुटली. "परत काढलास आवाज? एकदा सोडलं तर चटक लागली व्हय रं? त्या बिचाऱ्याच्या तोंडी घालतोस! माझ्या भावाला इचारायचं असंल तर त्याच्या तोंडानं इचारंल त्यो! ये हितं, लाटण्यानं घसाच काढून ठेवतो तुझा!"

"आक्का, मी..."

"गप!" फोन बंद झाला.

आण्णा फोनकडं बघत उभे राहिले. मी दाराआड सरकलो, पण हसू दाबताना आवाज झालाच. ते वळले. ते एवढं बोललेलं मी आधी ऐकलो नव्हतो, आणि ह्यातला एक शब्द माझा न्हाय.

"दात काढतोस? नालायका, माझं तोंड तू वापरून झिजवलास. आता मलाच कुणी मी धरंना. काढ मोटारसायकल. उभा काय राहिलास! तुझ्यापायी आता बेळगावापातूर जाऊन, तिच्या दारात उभं राहून, तोंड दाखवून इचाराय लागणार, जेवलीस काय म्हणून. आणि वाटेत तोंड उघडलास तर बघ."